बाद वाफ्यातला हुरडा

आगटीचा धूर दिसला तशी ज्वारी संशोधन केंद्रातली माणसं हातातली कामं टाकून शेताकडे निघाली. सूक्ष्मदर्शकांवर कापडं पडली, प्रयोगशाळेला कुलूप लागलं, कुणी दह्याचं भांडं उचललं, कुणी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. जानेवारीतल्या हुरड्यापुढे विज्ञानाने थोडं थांबावं, हे मंगळवेढ्याच्या परिसरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आगटीपाशी केंद्राचे प्रमुख डॉ. रफीक मुजावर स्वतः बसले होते. जनुकशास्त्रात त्यांचं नाव मोठं, पण कणसं भाजायचं काम ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. हुरड्याबाबत त्यांचा एक नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. शेतातला जो वाफा काही गफलतीमुळे प्रयोगातून बाद होईल, तो हुरड्याला. त्यामुळे केंद्रात एखाद्याचा प्रयोग फसला की बाकीचे वरवर हळहळायचे आणि मनातून खूश व्हायचे. यंदा बाद झालेला वाफा गिरिजाचा होता.

गिरिजा बिराजदार ताटातल्या गुळाच्या खड्याकडे बघत बसली होती. तिला कशाचीच चव लागत नव्हती.

युरियाचं पोतं या भागातून दिसेनासं होऊन बरीच वर्षं झाली होती. पेरणीचे दिवस आले की लोक कॅन घेऊन गावच्या विरजण-केंद्रावर जायचे, दुधाच्या डेअरीवर जातात तसे. तिथे मिळायचं मूळविरजण, म्हणजे ज्वारीच्या मुळांशी राहणाऱ्या जिवाणूंचं दाटसर पाणी. बियाण्याला ते चोळून पेरलं की जिवाणू मुळांवर संसार थाटायचे, हवेतला नत्र पकडून रोपाला द्यायचे आणि त्याच्या बदल्यात रोपाकडून साखर घ्यायचे. दोघांचं छान चालायचं. फक्त उन्हाळ्यात रान तापलं की जिवाणू मरायचे, म्हणून दर पेरणीला विरजण नवं लागायचं. विरजणाशिवाय पेरलेली ज्वारी हटकून पिवळी पडायची.

गिरिजाकडे अशाच एका जिवाणूची राखण होती. एका जुन्या वाणाच्या मुळांवर तो तिलाच सापडला होता आणि तिने त्याचं नाव ‘सोबती’ ठेवलं होतं. दर हंगामात उभ्या पिकाच्या मुळांतून सोबतीला काढायचं, काचेच्या पोषणथाळीवर वाढवायचं आणि पुढच्या बियाण्याला द्यायचं, असा तिचा शिरस्ता. पण गेले दोन हंगाम थाळी कोरीच राहिली होती. किती लाड केले, किती खाऊ बदलून पाहिले, तरी सोबती काही उगवेना. आणि थाळीवर उगवत नाही तो जिवाणू मेला, असं या धंद्यात धरून चालतात.

त्याचाच निकाल आज लागायचा होता. पुण्याहून तज्ज्ञ समितीच्या डॉ. सुमेधा दामले आल्या होत्या. त्यांनी सोबतीला मृत ठरवलं की त्याचे गोठवलेले नमुने फेकले जाणार, त्याचं शेत नांगरलं जाणार आणि त्याच्याबरोबर गिरिजाची जागाही जाणार. पाहणीसाठी हुरड्याचाच दिवस दामले मॅडमनी का निवडला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

“अगं, खा की,” आईने तिला कोपराने ढोसलं. हुरड्याला घरच्यांनाही बोलावणं असे, त्यामुळे आई आणि अप्पा दोघंही आले होते. “उपाशी राहून त्यो जंतू जिता हुणाराय का?”

“आई, जंतू नको गं म्हणू.”

“बरं, जिवाणू. अन् तुमी वो? पिशवीत काय कोंबलाय?”

अप्पांनी पिशवी मागे सरकवली. अप्पा मूळचे कर्नाटकातल्या इंडीकडचे. आई एकुलती एक, तिच्या वाट्याला बिराजदारांचं रान, तेव्हा लग्नानंतर तेच इकडे राहायला आले. त्यांचं आडनाव हत्तुरे होतं, पण गावाने कधी ते तोंडात घेतलं नाही. सगळे त्यांना बिराजदारच म्हणत आणि पुढे मुलीलाही शाळेत तेच नाव लागलं. त्यांनी ते हसून घेतलं. इंडीच्या घराची गंजकी किल्ली तेवढी त्यांच्या जुडग्यात अजून होती. ते घर कधीच पडलं होतं. “कुलूप न्हाई, दार न्हाई, किल्ली कशाला वागवताय?” असं आई महिन्यातून एकदा तरी विचारायची आणि अप्पा ते कानाआड करायचे.

तेवढ्यात दामले मॅडमनी हातावर चोळलेला हुरडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

“मुजावर, काय गोड आहे हो हा! कुठला वाफा?”

“चार नंबर. बाद झालेला,” मुजावर सर एक कणीस राखेतून काढत म्हणाले. “गिरिजाचा तुलनेचा वाफा होता. सोबतीचं विरजण तयारच झालं नाही, म्हणून यंदा बाकीच्या वाफ्यांना बाजारचं विरजण दिलं. चार नंबरला काहीच द्यायचं नव्हतं. तो पिवळा पडायला हवा, तर हा सगळ्यांत हिरवा! कुणाच्या तरी हातून बाजारचं विरजण सांडलं असणार. मग काय, बाद करून टाकला.”

“तपासलं होतं?”

“मॅडम, बाद वाफा कोण तपासतं?”

दामले मॅडमनी रिकाम्या झालेल्या वाफ्याकडे पाहिलं. कणसं गेली होती, पण धाटं अजून उभी होती. “सांडलेलं विरजण एका जागी सांडतं. एक पट्टा हिरवा दिसला असता. हे तर या बांधापासून त्या बांधापर्यंत सारखं आहे.”

गिरिजाने मान वर केली. ही गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर सबंध हंगामभर उभी होती आणि तिने पाहिली नव्हती. ती ताट तसंच टाकून उठली, धावत वाफ्यात गेली आणि एक धाट मुळासकट उपटून आणलं. पर्समधून तिने जनुकवाचक काढला. डब्याच्या झाकणाएवढं ते यंत्र, मुळाचा तुकडा चेचून त्यात ठेवला की त्यात कोण कोण राहतं आणि कुणाकडे कुठली जनुकं आहेत, ते वाचून दाखवायचं. त्याला थोडा वेळ लागायचा. ताकाचा एक पेला सावकाश संपवावा एवढा.

कुणीच ताक घेतलं नाही. सगळे यंत्राभोवती जमले आणि आगटीत चार कणसं करपून गेली.

“बाजारचा जिवाणू नाहीये,” गिरिजा म्हणाली. मग तिचा आवाज चढला. “सर, हा सोबती आहे! मेलेला नाहीये तो!”

“बघू,” दामले मॅडमनी चष्मा लावला. “पण हा इतका लहान कसा झाला? याच्या जनुकांपैकी निम्म्याहून जास्त गायब आहेत. बाहेरची साखर शोधायची जनुकं नाहीत. स्वतःची भिंत बांधायची नाहीत. ऊन सोसायची नाहीत.”

गिरिजा यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिली. थाळीत तिने काय काय वाढून ठेवलं होतं, आणि तो बिचारा थाळीवर जगूच शकत नव्हता! जे रोप आयतं देतं, ते बनवायची जनुकं त्याने पिढ्यान्‌पिढ्या गळून जाऊ दिली होती. तो मुळावर नव्हताच आता. तो मुळाच्या पेशीच्या आत राहायला गेला होता.

“पण आत शिरला कधी?” मुजावर सरांनी विचारलं. “विरजण तर दिलंच नाही.”

“बियाणं माझ्याच गेल्या हंगामातल्या पिकाचं होतं,” गिरिजा म्हणाली. “बाहेरून औषधाने धुतलेलं. म्हणजे तो बाहेरून आलाच नाही. सर, तो दाण्यातूनच आलाय!”

“तसं असेल तर फार मोठी गोष्ट आहे,” दामले मॅडम सावकाश म्हणाल्या. “पण ते सिद्ध करायला या वाफ्यातला कच्चा दाणा लागेल. भाजलेल्या दाण्यात जिवंत काय सापडणार?”

सगळ्यांनी आगटीकडे पाहिलं. मग आपापल्या तळहातांकडे. मुजावर सरांच्या हातात चिमटा होता आणि चेहरा असा की बघवत नव्हता. तीस वर्षांच्या नोकरीतला सगळ्यांत मोठा शोध त्यांनी स्वतःच्या हाताने खरपूस भाजला होता आणि पाहुण्यांना आग्रह करकरून वाढला होता. “अजून घ्या, अजून घ्या,” असं ते मघापासून म्हणत होते. चार नंबरात शोधूनही एक कणीस मिळालं नाही. नियम ते मनापासून पाळत.

गिरिजा रडायच्या बेतात होती. सोबती जिवंत आहे हे कळलं, आणि ते दाखवायला हातात दाणा नाही!

“गिरिजा,” अप्पा हळूच म्हणाले, “ही चालतील का बघ.” त्यांनी पिशवीतून दोन हिरवी कणसं काढली. “आमच्या इंडीकडं नव्या पिकाची कणसं दाराला बांधत्यात. म्हणून काढून ठिवली हुती. चार नंबरातलीच हायत. रागवू नगा साहेब.”

मुजावर सर रागावले नाहीत. त्यांनी अप्पांना सरळ मिठी मारली आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर राखेचे दोन हात उमटले.

एका कणसातला दाणा गिरिजाने सोलला, आतला कोवळा अंकुर सुईने वेगळा केला आणि यंत्रात ठेवला. या वेळी तिने ताकाचा पेला हातात धरला, पण प्यायची आठवण राहिली नाही. पडद्यावर नाव आलं. अंकुरात सोबती होता. जिवंत, आणि चांगला गुटगुटीत.

ती ओरडली, मुजावर सर ओरडले, आईला काही कळलं नाही तरी तीही ओरडली. दामले मॅडम तेवढ्या खाली मातीतच बसल्या.

“पानातला हिरवेपणा आहे ना,” त्या अप्पांना म्हणाल्या, “तो असाच एक पाहुणा. अब्जावधी वर्षांपूर्वी एक जिवाणू पेशीत शिरला, हळूहळू स्वतःचं सगळं सोडत गेला आणि शेवटी झाडाचाच भाग झाला. त्याला आपण हरितकण म्हणतो. तसंच काहीतरी इथे सुरू झालंय, आणि आम्ही ते चटणीबरोबर खाल्लं.”

“म्हंजे घरजावईच की ह्यो!” आई म्हणाली आणि सगळे हसले. “बाहेर काडा त्येला, दोन दिवस तगायचा न्हाई. आमच्याकडचा तरी कुठं तगतोय!”

अप्पाही हसले.

“मॅडम, पुढे काय?” मुजावर सरांनी विचारलं. दामले मॅडमचं हसू थोडं ओसरलं होतं.

“सोबती जिवंत आहे, एवढं आज मी सांगते. गिरिजाची जागा राहणार. पण काम बदलेल. विरजण घालणारी माणसं आता लागणार नाहीत, डोळ्यांत तेल घालून बघणारं माणूस लागेल. विरजण थांबवायचं तर कॅनचं झाकण लावलं की झालं. बियाणं तसं थांबत नाही. ते पाखराच्या चोचीतून जातं, गाडीच्या टपावरून सांडतं. म्हणून हे दुसरं कणीस बंद काचघरात पेरायचं. आणि गिरिजा, हा आता जिवाणू म्हणायचा का, ते ठरवावं लागेल. माझ्या मते ज्वारीचाच भाग म्हणावं.”

“म्हंजे आडनाव गेलं त्याचं,” अप्पा म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही. आईने अप्पांच्या सदऱ्यावरची राख उगाचच झटकली.

अप्पा गिरिजाजवळ येऊन पडद्याकडे बघू लागले. “काय काय टाकलं म्हणं त्यानं?”

“भिंत बांधायचं टाकलं. खाणं शोधायचं टाकलं. ऊन सोसायचं टाकलं.”

“अन् हे?” पडद्याच्या तळाशी जनुकांची एक लांब ओळ अख्खी होती, एकही तुकडा न पडलेली. त्यांचं बोट तिथे होतं.

गिरिजाने ओळ वाचली, पुन्हा वाचली. “हे शेपटीचं आहे अप्पा. जिवाणूला पाण्यात पोहायला शेपटी असते, ती बनवायची जनुकं. सगळीच्या सगळी शाबूत आहेत.” ती गोंधळली. “पण पेशीच्या आत पोहून जाणार कुठे? याचा तर त्याला काहीच उपयोग नाही.”

“जाईल तेही हळूहळू,” मागून दामले मॅडम म्हणाल्या. “लागत नाही ते कुणी सांभाळत नाही.”

अप्पांचा हात खिशात गेला आणि जुडग्यातली ती गंजकी किल्ली गिरिजाला अगदी बारीक वाजलेली ऐकू आली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्या किल्लीबद्दल विचारावंसं वाटलं. पण त्याआधी अप्पांनीच विचारलं, पडद्यावरची नजर न काढता.

“पोरी, त्यो कायमचा ऱ्हायला आलाय, का मुक्कामाला?”