हाताआधीचा आवाज

ज्या साली दाक्षायणी लग्न होऊन कुर्डुवाडीच्या रेल्वेवाल्याकडं नांदायला गेली, ते साल पंचाहत्तर. त्याच साली दिवाळीनंतर तिचा भाऊ चन्नवीर संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेसाठी नवं हेड शोधू लागला.

हेड म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र. खाली स्पीकरची पेटी, वर हे ठेवायचं. त्याच्या ऑर्केस्ट्रातलं जुनं यंत्र लग्नाच्या मांडवात चालून जायचं. जत्रेच्या होम मैदानावर मात्र पाळणे, पिपाण्या आणि भोंग्यांच्या गलक्यात त्याचा आवाज पहिल्या रांगेतच विरायचा.

नवी पेठेत गुरप्पाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एक जुनं हेड आलं होतं. मुंबईच्या कुठल्या बंद पडलेल्या हॉटेलातलं, एवढंच त्याला ठाऊक. चन्नवीर वडिलांना, बसप्पांना, घेऊन सकाळीच गेला. बसप्पांचा जन्म गिरणीत मागाशेजारी गेला आणि कान तिथंच राहिले. मागाच्या खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात आणि माग नीट चाललाय का ते चौकटीवर तळवा ठेवून ओळखतात. पोराची गिटार बसप्पांनी कधी ऐकली नव्हती. जुन्या पेटीवर हात ठेवून ते म्हणायचे, "मुंगी चालल्यागत वाटतंय." चन्नवीरला ते लागायचं.

"न्या की," गुरप्पा म्हणाला. "पण उचलायला गिरणीचा हमाल लागंल."

"आदी आवाज दाखव. वजन मागनं बघू," चन्नवीर म्हणाला.

यंत्रातल्या काचेच्या नळ्या हळूहळू लालसर झाल्या. तापलेल्या धुळीचा वास सुटला. चन्नवीरनं सोबत आणलेल्या गिटारची तार छेडली आणि कपाटाची तावदानं थरथरली. आवाज गोल, भरलेला, कुठं खरखर नाही. बटण वाढवत नेलं तरी फाटला नाही. बसप्पांनी पेटीवर तळवा ठेवला.

"हाताला लागलं," ते म्हणाले. "चन्ना, लागलं की."

त्यांचे डोळे भरून आले. मग पोराच्या बोटांकडं बघता बघता कपाळाला आठी पडली.

"पण तुजा हात मागं ऱ्हातोय. आवाज म्होरं जातोय."

गुरप्पा हळूच म्हणाला, "म्हातारं अजून मागावरच हाय."

"मला ओठ दिसत्यात, गुरप्पा," बसप्पा म्हणाले.

चन्नवीरनं एकच सूर सावकाश वाजवून बघितला. बोट तारेला टेकायच्या केसभर आधी सूर उठला होता. बोट खाली नेऊन मध्येच थांबवायचं ठरवलं, तर पेटी गप्प. खरंच वाजवायचं ठरवलं, की बोट पोचायच्या आत आवाज. त्यानं नाना तऱ्हांनी फसवून बघितलं. पेटी एकदाही फसली नाही. जे वाजणार नव्हतं, ते वाजलं नाही.

सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यात शिरताना येतो तसा काटा त्याच्या अंगावर आला.

"हे नको, आप्पा."

बसप्पांनी तळवा उचलला नाही. "इतकी वर्सं तुला नुसतं बगत आलोय. आज ऐकाया आलं. गड्ड्यात मी ह्या पेटीला लागूनच बसनार."

मग हेड घरी आलं.

तालमीत आवाज आणि हात यांतलं अंतर वाढत गेलं. आधी एक ठोका, मग अख्खी ओळ. ढोलकीवाल्याला वाटलं, चन्नवीर घाई करतोय. पेटीवर हात ठेवून मान डोलावणाऱ्या बापाकडं चन्नवीर बघायचा आणि वाजवत राहायचा.

संक्रांतीच्या संध्याकाळी होम मैदान माणसांनी फुललं होतं. पहिली गाणी झाली. आवाज पार पाळण्यांपर्यंत पोचला. बसप्पा स्टेजवर लोखंडी खुर्चीत, उजवा तळवा पेटीवर.

पुढच्या गाण्याआधी चन्नवीरनं गिटार बाजूला टेकवून ठेवली आणि रुमालानं हात पुसले.

पेटी वाजू लागली.

चाल संथ होती. मयताला विमानात, म्हणजे सजवलेल्या डोलीत, बसवून नेताना त्यांच्या समाजात जे भजन म्हणतात, त्याची. चन्नवीरनं ती कधीच वाजवली नव्हती.

माणसं बोलायची थांबली. पिपाण्या थांबल्या.

त्यानं दोन्ही मुठी आवळल्या. ही चाल मी वाजवणार नाही, असं मनाशी घट्ट धरलं.

पेटी थांबली नाही.

त्यानं बापाकडं बघितलं. बसप्पांचा चेहरा उजळला होता. गिरणीत बोलायचे तसे ते नुसत्या ओठांनी बोलले, "थांबू नगंस."

दुसऱ्या दिवशी दारात विमान सजलं. भजन सांगणारा मध्येच अडला, त्याला पुढची ओळ येईना. विमानात आप्पा तसेच वाट बघत बसल्यासारखे दिसत होते. चन्नवीर आत गेला, गिटार घेऊन आला आणि कालची ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली.

गुरप्पा त्याच्या शेजारीच उभा होता. बोटं फिरत होती, तारा थरथरत होत्या. विजेशिवाय गिटारची जी बारीक किणकिण होते, तीसुद्धा झाली नाही.

बसप्पा वारले ते शहात्तर साली, किंक्रांतीच्या सकाळी, घरच्या दारातल्या ओट्यावर, बसल्या जागी. उजवा तळवा फरशीवर सपाट टेकलेला होता.