लिगायाच्या कार्डावर पन्नास पेसो

आमच्या घरात मेट्रो गाडीची कार्डं भरायचं काम माझं. नानायला, म्हणजे आमच्या आईला, फोनमधलं फक्त हिरवं बटण कळतं. धाकट्या लिगायाला सगळं कळायचं, पण कंटाळा. "आते, तूच भर गं," म्हणायची. आते म्हणजे थोरली बहीण, म्हणजे मी, पेर्ला. तर तिघींची कार्डं माझ्याच फोनवर, नावानिशी जोडलेली. रविवारी चर्चमधून आलं, भात शिजत ठेवला की मी फोन घेऊन बसायचे. 'सगळी कार्डं निवडा' वर बोट, प्रत्येकी पन्नास पेसो, झालं.

आता असे घरबसल्या भरलेले पैसे लगेच कार्डात जात नाहीत. ते वाटेत थांबतात. स्टेशनवरच्या यंत्राला कार्ड टेकवलं की मगच उतरतात, आणि उतरले की माझ्या फोनवर ओळ येते. कुणाचं कार्ड, कुठलं स्टेशन, किती वाजता. गेटला कार्ड लावलं तरी ओळ येते. लिगाया ह्यावरून भडकायची.

"तू माझ्यावर पाळत ठेवतेस का गं?"

"ठेवते. प्युरेझा सात दहा, मारिकिना सात पस्तीस. मध्ये कुठं उंडारलीस तर कळतं मला."

मी कियापोत एका चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते. सतरा वर्षं झाली. माणसाला काय दिसतं आणि काय दिसल्यासारखं वाटतं, ह्यातला फरक ओळखण्याचा मला पगार मिळतो. तेव्हा पुढचं ऐकताना मला वेडी समजायचं असेल तर खुशाल समजा, पण भोळी समजू नका.

एप्रिलमध्ये लिगाया गेली. गेली कसली, मारली तिला. मारिकिनात मांग डेल्फिनचा (पोक्त पुरुषाला आमच्याकडं मांग म्हणतात) बुटांचा कारखाना आहे, खाली काम, वर त्याचं घर. लिगाया तिथंच कामाला. शाळा सुरू व्हायच्या आधीची मोठी ऑर्डर होती. बायका सारख्या उठतात म्हणून तो तळ चिकटवायच्या खोलीला बाहेरून कुलूप लावायचा. त्या दिवशी आत ती एकटीच होती. त्या खोलीत सोल्युशनचा वास इतका की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि लिगायाला दमा. तिचा पंप तिच्या पिशवीत, पिशवी बाहेरच्या खुंटीवर. तिनं दार वाजवलं. बाहेर बसलेल्या बायकांना ऐकू आलं. डेल्फिननं रेडिओ मोठा केला.

पोलिसांपुढं तो म्हणाला, दार उघडंच होतं, पोरगी आधीपासूनच नाजूक. बायकांनी माना डोलवल्या. त्यांना तिथंच काम करायचं होतं.

आमच्या रीतीप्रमाणे गल्लीत ताडपत्री बांधून, काचेच्या झाकणाच्या शवपेटीत तिला सात दिवस दर्शनाला ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. पांढरा शर्ट, हातात दुखवट्याच्या पैशांचं पाकीट. कॉफी प्यायला, दोन बिस्किटं खाल्ली, पेटीच्या काचेतून तिच्याकडं बघून म्हणाला, "बिचारी. हसतमुख होती हो." काचेखाली लिगायाच्या नखांना गुलाबी रंग लावला होता. तिनं जन्मात कधी नखं रंगवली नव्हती. का रंगवली, ते नानायला आणि मला दोघींना कळलं होतं. दारावर घासून तुटलेली नखं झाकायची दुसरी सोय नसते.

तो गेल्यावर नानाय म्हणाली, "पेर्ला, बाजारातून कोंबडीचं पिल्लू आण."

ज्याचा कुणी जीव घेतला त्याच्या पेटीवर जिवंत पिल्लू सोडतात. ते काचेवर चोच मारत राहतं, आणि प्रत्येक टोच जीव घेणाऱ्याच्या काळजाला लागते म्हणे. मला असल्या गोष्टींचा तिटकारा. तरी आणलं. चार दिवस ते काचेवर टिक टिक करत फिरलं. पेटी उचलायच्या सकाळी ते कुठंच सापडलं नाही. मांजरानं नेलं असेल, मी म्हटलं.

तिला पिवळा ब्लाउज, निळा स्कर्ट घातला होता. ब्लाउजच्या खिशात नानायनं तिचं गाडीचं कार्ड ठेवलं. "अगं नानाय, काय हे!" मी ओरडले. ती म्हणाली, "कार्डाशिवाय कधी घराबाहेर पडली होती का ती?"

ला लोमाच्या दफनभूमीत तिला पुरलं. पुढच्या रविवारी मी भात शिजत ठेवला, फोन घेतला, 'सगळी कार्डं निवडा' वर बोट ठेवलं. तिचं नाव काढून टाकायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. कुणी कार्डावरून बहिणीचं नाव काढायला धावतं का?

बुधवारी सकाळी नऊ वाजता दुकानात फोन वाजला. लिगाया. आबाद सांतोस. पन्नास पेसो उतरले.

आबाद सांतोस स्टेशन दफनभूमीपासून चालत दहा मिनिटांवर आहे.

पाठोपाठ ओळी येत गेल्या. दोरोतेओ होसे, बाहेर. तिथं गाडी बदलतात. रेक्तो, आत. क्युबाओ, बाहेर. तिथवर पैसे संपत आले. माझ्या समोर एक म्हातारे गृहस्थ अक्षरं वाचायचे थांबून माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "पुढची ओळ वाचा, मांग." मला संताप आला. मेलेल्या पोरीचा खिसा कापला! खड्डे खणणाऱ्यांपैकीच कुणीतरी असणार. कार्ड एका बोटानं बंद करता आलं असतं. नाही केलं. चोर पकडायचा होता, हे एक. आणि दुसरं, तिचं नाव पुन्हा फोनवर उमटलं होतं. ते पुसवेना.

दुसऱ्या दिवशी नऊ चाळीसला ओळ आली. लिगाया. क्युबाओ. प्रवेश नाकारला. शिल्लक अपुरी.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. रविवारी मी तिचं कार्ड वगळून बाकी दोन्ही भरली. रोज नऊ चाळीस, रोज क्युबाओ, मारिकिनाच्या वाटेवर. कुठला चोर पैसे संपलेलं कार्ड घेऊन रोज त्याच गेटशी उभा राहील? आठव्या दिवशी मी दुकानात पोटदुखीचं सांगून क्युबाओ गाठलं.

गेटजवळ पिशव्या तपासायला इसिंग नावाचा एक पोक्त पहारेकरी होता. बोलायला कुणीतरी हवंच असल्यासारखा. रोज नऊ चाळीसला गेटशी कुणी अडतं का, मी विचारलं.

"पिवळ्या ब्लाउजवाली ना? येते की. डोकं उठवलंय तिनं."

"कशी दिसते?"

"मास्क असतो बाई, काय सांगू? खोकते फार. मुठी आवळलेल्या. आणि पिशवीत पिल्लू आहे तिच्या. चिवचिव ऐकू येतं. काठी घालून बघितलं तर पिशवी रिकामी. जिवंत जनावर न्यायला बंदी आहे, पण दिसतच नाही तर पकडू काय, कप्पाळ?"

मी त्याच्या जवळ सरकले.

"तुम्ही तिला काही बोलला नाहीत?"

"बोललो की! म्हटलं, पोरी, पैसे भर, मागं रांग लागलीय. तर म्हणते, 'आते भरेल.'"

मी तिथंच उभी राहिले. नऊ अडतीस. नऊ एकोणचाळीस. तीन नंबरच्या गेटशी रांग होती. रांगेत एका माणसाची जागा सुटली होती. कुणी मुद्दाम सोडली नव्हती. मागचा माणूस फोनमध्ये डोकं घालून चालत होता, तोही त्या जागेशी येऊन आपोआप थांबला.

नऊ चाळीसला गेटवर लाल दिवा लागला. समोर कुणी नव्हतं. माझी नजर उत्तम आहे, चष्मा नाही, आणि मी सांगते, तिथं कुणीही नव्हतं. वास मात्र आला. सोल्युशनचा. लिगाया कामावरून आली की तिच्या केसांना यायचा, तोच.

माझ्या हातातला फोन थरथरला.

घरी येऊन मी नानायला सगळं सांगितलं. ती केळी तळत होती. झारा न थांबवता ऐकत राहिली.

"आठ दिवस ती गेटशी उभी आहे?" ती म्हणाली. "आणि तू पैसे भरले नाहीस?"

"नानाय, भरले तर ती कुठं जाईल, कळतंय ना तुला?"

"कळतंय. कामावर जाईल."

"वर त्याची बायको राहते. तिनं काय केलंय?"

"काही नाही केलं. रेडिओचा आवाज तिलाही आला असेल, एवढंच." नानायनं केळी ताटात काढली. तिचे डोळे कोरडे होते. "तू भरणार नसशील तर मला शिकव. कुठलं बटण?"

मी गॅलरीत जाऊन बसले. पोलिसात तीनदा गेले होते मी. तीनदा मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि परत पाठवलं. डेल्फिनचा कारखाना दोन दिवसांतच सुरू झाला होता. त्या खोलीत आता दुसरीच पोरगी बसत होती. त्याला बिस्किट खाताना पाहिलं होतं ना, ते बिस्किट माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मेला सावकाश चावत होता.

पहिल्या खेपेला चुकून भरले होते. ह्या खेपेला मी लिगायाचं एकटीचं नाव निवडलं. पन्नास पेसो. 

दुसऱ्या दिवशी नऊ एक्केचाळीस. क्युबाओ. पैसे उतरले.

नऊ बेचाळीस. क्युबाओ, आत.

दहा तीन. मारिकिना, बाहेर.

मग काही नाही. दुपारभर मी लोकांचे नंबर काढत होते आणि सगळ्यांचे चुकत होते.

चार वीसला ओळ आली. लिगाया. मारिकिना, आत.

त्याच मिनिटाला, त्याच कार्डावर, पुन्हा. मारिकिना, आत.

एका कार्डावर एकच माणूस जातो. गेट दुसऱ्याला घेतच नाही. मी दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या.

रेक्तोला बाहेर पडल्याची ओळ एकच आली. पुढं साडेपाचला आबाद सांतोस, बाहेर. तीही एकच. त्यानंतर लिगाया कुठंही उमटली नाही. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला आम्ही तिच्या आवडीचे शेवयांसारखे नूडल्स केले, आणि नानाय एप्रिलनंतर पहिल्यांदा पोटभर जेवली.

दुसरा जो आत शिरला होता, तो कुठं बाहेर पडल्याची नोंद नव्हती.

तीन आठवड्यांनी मला क्युबाओला जावं लागलं, दुकानाच्या काचा आणायला. सकाळची वेळ. इसिंगनं मला ओळखलं.

"तुमची ती पिवळ्या ब्लाउजवाली येत नाही आता. पण बाई, तीन नंबरचं गेट बिघडलंय. बंद ठेवलंय. आतल्या बाजूनं वाजतं."

"वाजतं म्हणजे?"

"धडधड. कुणी हातांनी मारल्यासारखं. दोनदा माणसं येऊन यंत्र बदलून गेली. काही सापडत नाही."

जिन्यापाशी एक बाई कागद वाटत उभी होती. उन्हात रापलेली, डोळे सुजलेले. कागदावर मांग डेल्फिनचा फोटो होता, तोच पांढरा शर्ट. ती मला ओळखत नव्हती. पेटीशी ती आलीच नव्हती.

"बाई, ह्यांना कुठं पाहिलंत का? माझे यजमान. जेवून खाली खोलीत गेले. दार बाहेरून बंद होतं, कुलूप जागच्या जागी. उघडलं तर आत फक्त चपला."

मला तिची दया आली. खोटं कशाला बोलू, आली.

"नाही पाहिलं," मी म्हटलं.

तेवढ्यात तीन नंबरचं गेट वाजलं. आधी सावकाश, मग घाईघाईनं. मग कुणीतरी खोकलं. पुरुषाचा खोकला, छातीतून फाटत येणारा.

त्या बाईनं मान वळवली. रिकाम्या गेटकडं बघत राहिली. हातातले कागद चुरगळले तरी तिला कळलं नाही.

माझ्या फोनवर ओळ आली. तीन आठवडे रोज येते तीच, नऊ चाळीसला. नावाची जागा रिकामी, फक्त क्युबाओ. बाहेर पडण्यास नकार. प्रवास अपुरा आहे. पंधरा पेसो भरल्यास गेट उघडेल. भरायचे का?

खाली दोन बटणं. 'आता' आणि 'नंतर'.

गेट वाजत होतं. मी 'नंतर' दाबलं.

मग फोननं विचारलं, पुन्हा आठवण कधी करून देऊ? कधीच नको, आठवड्यातून एकदा, की रोज?

मी 'रोज' निवडलं.