सोनालीच्या नावाची मूठ

सुरतच्या नवागामात नळाला पाणी आलं की गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून मोरीकडे धावतात. चंचलच्या घरी हे धावणं तिच्या लेकीकडे, सोनालीकडे होतं. पोरगी उधन्याला मोबाइलच्या दुकानात कामाला जायची, पण घरातल्या कामाला कधी नाही म्हणायची नाही. पाणी गढूळ यायचं म्हणून आधी तोटीला जुन्या ओढणीचं निळं फडकं बांधायची, आणि गाठ मारायची ती बुटाच्या लेसला मारतात तशी, दोन कानांची. "अगं, साधी गाठ मार," चंचल म्हणायची. "ही सुटायला सोपी पडते, मम्मी," हे उत्तर ठरलेलं.

त्या शुक्रवारी सकाळी चंचल कानबाईच्या रोटांसाठी, नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू घ्यायला बसली होती. श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते. खानदेश सोडून सुरतेत आलं तरी खानदेशी घराला ती सुटत नाही. सासू होती तोवर सगळं तिनेच केलं. ती गेली, मागचा श्रावण सुतकात गेला, आणि यंदा पहिल्यांदाच सूप चंचलच्या हाती आलं. त्यांच्या घराची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव तोंडाने घ्यायचं आणि त्याच्या नावाची सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. त्याचंच पीठ, त्याचेच रोट, माणशी एक. "ज्याना नावनी मूठ नही, त्याले देवी वळखत नही," सासू बजावायची. चंचल मान डोलवायची आणि सोडून द्यायची. साड्यांवर स्टोन चिकटवून संसाराला हातभार लावणारी बाई ती, डोळ्यांना दिसेल तेवढंच मानणारी.

तिने सासऱ्यांचं, धुडकूबाबांचं नाव घेतलं. नवऱ्याचं, वाल्मिकचं नाव लाजतच पुटपुटलं. मग स्वतःचं घेतलं. पुन्हा डब्यात हात घातला, तेवढ्यात मोरीतला नळ खाकरला.

"सोनाली! पाणी आलं!"

मोरीत बादली वाजली. चंचलने हात झटकले, डब्याला झाकण लावलं आणि सूप उचलून देवापुढे ठेवलं.

शनिवारी संध्याकाळी सोनाली तणतणतच घरी आली. "मम्मी, शेठ बोलतो मी आज आलीच नाही! पूरा दिवस काउंटरवर उभी होते यार. गिऱ्हाईक पण माझ्याकडे बघत नव्हतं."

"शेठचं डोकं फिरलं असेल," चंचल म्हणाली. वाल्मिक बमरोलीच्या लूमवरून आला तो सगळ्यांसाठी गरम लोचो घेऊन. त्याने तीन कागद उलगडले, एक बाबांपुढे ठेवला, एक चंचलपुढे, एक स्वतःपुढे, आणि खायला लागला. सोनाली समोरच बसली होती. चंचलने आपला कागद तिच्याकडे सरकवला. दिवसभर खडखडाटात उभा राहणारा माणूस, विसरला असेल, असं तिने मनाशी धरलं. तरी घास काही गोड लागला नाही.

रविवारी कानबाई बसली. नारळाला डोळे रेखले, नथ घातली, नवी साडी नेसवली, आणि एवढंसं घर उजळून निघालं. चंचल रोट करायला बसली. कणीक संपली तेव्हा परातीत तीन रोट होते.

तिने परात खरवडली. पिठाचा डबा उपडा करून बघितला. मग तो शुक्रवार तिला मुळापासून आठवला. चौथं नाव तिने घेतलं होतं, चांगलं खणखणीत घेतलं होतं, पण ते पाण्यासाठी. गहू डब्यातच राहिले होते.

ती उठून बाबांकडे गेली. "बाबा, एक मूठ राहिली. आता दळून घातली तर चालेल?"

"देवी बठनी ना आते? मंग नही चालाव," धुडकूबाबा म्हणाले. "कोणी राहिनी?"

"सोनालीची."

बाबांनी मोतीबिंदूचे डोळे बारीक केले. "कोण सोनाली?"

सोनाली त्यांच्या पायाशीच बसून त्यांना काठी देत होती. तिने हसून आईकडे पाहिलं. चंचलला हसता आलं नाही. तिने आपल्या वाटणीचा रोट लेकीच्या हातात दिला आणि स्वतः उपाशी राहिली. सोनालीने तो खाल्ला. रात्री ताटं उचलताना पाहिलं तर रोट चंचलच्या ताटात तसाच्या तसा होता.

सोमवारी सकाळी विसर्जनाची मिरवणूक निघाली. डफ आणि डीजे एकदमच वाजत होते, बायका गुलालाने माखल्या होत्या. शेजारची सुषमा सोनालीला ओढून रस्त्याच्या मधोमध घेऊन गेली आणि दोघींची फुगडी रंगली. पोरगी खळखळून हसत होती. ते हसणं ऐकून चंचलच्या जिवात जीव आला. निदान सुषमाला तरी दिसते आहे, उगाच जीव टांगणीला लावून घेतला आपण.

सुषमाच्या नवऱ्याने मोबाइलवर फुगडी टिपली होती. टेम्पोपाशी सुषमा धापा टाकत तो घेऊन आली. "देख ना वं चंचल, मी एकलीच फुगडी खेळी राहिनू! अंगमा उनं का काय मना?"

चंचलने पाहिलं. सुषमा मागे रेललेली, दोन्ही हात पुढे ताणलेले, मुठी आवळलेल्या. समोर कोणी नव्हतं. सुषमा गरगर फिरत होती आणि पडत नव्हती.

"मम्मी," खांद्यामागून सोनाली हळूच म्हणाली, "मी कुठंय यात?"

चंचलने तिचं मनगट पकडलं. मनगट गरम होतं, त्यावरच्या बांगड्या तिच्या तळव्याला टोचत होत्या. हे खरं होतं. तिने ठरवलं, देवीला निरोप देईपर्यंत हे मनगट सोडायचं नाही. मग घरी गेल्याबरोबर हिच्या नावाचे गहू काढायचे, रीत असो की नसो.

"बठा लवकर, आपण तिनच शेतस," वाल्मिक टेम्पोत चढता चढता म्हणाला.

"पप्पा!" सोनालीने हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही.

तापीच्या ओवाऱ्यावर, घाटाच्या पायऱ्यांवर, ही गर्दी होती. कानबाई चंचलच्या डोक्यावर होती. एका हाताने पाट धरलेला, दुसऱ्या हातात लेकीचं मनगट. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. पाणी गुडघ्यापर्यंत आलं.

पाट खाली उतरवायला दोन्ही हात लागणार होते.

"सोनाली, माझा पदर धर. घट्ट धर. सोडू नकोस."

"धरला, मम्मी."

पदराला ओढ बसली. चंचलने मनगट सोडलं.

तिने पाट उतरवला. "माय, माझी पोर ओळख," असं ती मोठ्याने म्हणाली. चारी बाजूंनी जयजयकार चालला होता. तिने कानबाईला पाण्यात बुडवलं.

पाणी थंडगार होतं.

पदराची ओढ तशीच होती.

नारळ पाण्याबाहेर निघाला. नथेतून पाणी ठिबकत होतं.

चंचल वळली. वरच्या पायरीवर वाल्मिक उभा होता.

"काय शोधी राहिनी?" त्याने विचारलं.

तिने पायऱ्यांवरून नजर फिरवली. काहीतरी शोधायचं होतं खरं. जिभेच्या टोकावर होतं. "काही नाही," ती म्हणाली. "पदर कुठंतरी अडकलाय वाटतं."

घरी येईपर्यंत पदर तसाच जड होता. ओला झाल्यामुळे असेल, असं तिला वाटलं. संध्याकाळी उरलेला रोट तिघांनी वाटून खाल्ला. वाटणी बरोबर झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंचल साडीवर स्टोन चिकटवत होती. नळ खाकरला.

"पाणी आलं!" तिने हाक मारली, आणि थबकली. कोणाला हाक मारली आपण? बाबा झोपलेले, वाल्मिक लूमवर गेलेला. स्वतःशीच हसत ती उठली.

मोरीत बादली नळाखाली लागलेली होती. तोटीला निळं फडकं बांधलेलं होतं, दोन कानांची गाठ मारून.

"कोण बाई अशी गाठ मारतं," चंचल म्हणाली, आणि तिने एक कान ओढला. गाठ सहज सुटली.