ब्लॉकला भोकं कोणी पाडली?

"आजपण भोकं निघाली तर बाबांची नोकरी गेलीच समज!" क्षिप्राचे पाय काही एका जागी ठरत नव्हते.

तळोज्याच्या या कारखान्यात इंजिनाचे ब्लॉक ओतायचे. साच्यात वाळूचे गाभे बसवायचे, म्हणजे इंजिनात तेवढी पोकळी राहते, आणि मग वितळलेलं लोखंड ओतायचं. पण दिवाळीची सुट्टी लागली आणि प्रत्येक ब्लॉकला भोकंच भोकं! खापर फुटलं लोखंड वितळवणाऱ्या सुभाषवर, म्हणजे क्षिप्राच्या बाबांवर.

"गाभा ओला असला की वाफ होते आणि भोकं पडतात, असं बाबा म्हणतात," क्षिप्रा म्हणाली. "पण गाभे तर भट्टीत वाळवून त्या गरम खोलीत ठेवतात!"

तिची वर्गमैत्रीण रुतिका दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली. तिने खोलीच्या बंद दाराशी नाक नेलं. "बोंबील हाय! ओला बोंबील!"

"कारखान्यात बोंबील? येडी काय तू!" क्षिप्राचा चुलतभाऊ वरद खो खो हसला.

"माझं नाक हाय ते! बोंबलात चुकनार नाय!"

खोलीची किल्ली सुपरवायझर कमळाकरकाकांकडे. "तिथे काही नाही. चला, फुटा इथून!" काका खेकसले.

तिकडे लोखंड ओतायची तयारी झालीसुद्धा! तेवढ्यात वरदने डोळा मारला आणि बोंब ठोकली, "काका! खोलीत मांजर शिरलं!"

"अरे देवा! माझे बोंबील!" काकांनी धावत जाऊन कुलूप उघडलं.

आत दोरीवर बोंबलांच्या माळा, आणि खाली गाभ्यांवर पाणी टपटपतंय!

जिच्यापुढे जायला मनाई होती त्या पिवळ्या पट्टीपर्यंत क्षिप्रा धावली. "बाबा, थांबा! ओतू नका! गाभे ओले आहेत!"

मालकीणबाई गीतांजली मॅडम धावत आल्या. काकांचं तोंड एवढंसं झालं. "सोसायटीवाले गच्चीत वाळत घालू देत नाहीत हो, वास येतो म्हणून! म्हटलं, इथे ऊब आहे..."

"कमाल केलीत, कमळाकर!" मॅडम कडाडल्या. गाभे पुन्हा भट्टीत गेले.

दुसऱ्या दिवशी नवा ब्लॉक कापला. आत एकही भोक नव्हतं!

"सुभाष, तुम्हाला उगाच बोल लावला. माफ करा," मॅडम म्हणाल्या. "आणि पोरांनो, शाब्बास! आम्हा एवढ्या मोठ्या लोकांना जे सुचलं नाही ते तुम्ही केलंत!"

बाबा नुसतेच नव्या ब्लॉकवरून हात फिरवत राहिले.

"बोला ना हो बाबा!" क्षिप्रा म्हणाली.

"उद्या लवकर उठव मला," ते तिला म्हणाले. "कामावर जायचंय."

आणि इतके दिवस धीराने राहिलेली क्षिप्रा सगळ्यांसमोर ढसाढसा रडली.