वरवंडच्या छतात साठलेलं पाणी

"रात्री एवढा पाऊस झाला, मग पिंप कोरडं कसं?" प्रांजलने वाकून आत पाहिलं.

दिवाळीची सुट्टी लागलेली. वरवंडच्या फुलबाजारात तिची आई सारिका झेंडूचे हार ओवत होती. शेजारच्या झोळीत नऊ महिन्यांचा धाकटा भाऊ माऊली झोपला होता. वर बाजाराचं नवं कापडी छत, घोड्याच्या खोगिरासारखं! समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि दोन तारेने खाली ओढलेले. पाऊस पडला की पाणी खालच्या कोपऱ्यांवरून घरंगळत पिंपांत पडायचं.

"कुणीतरी ओतून दिलं असंल," तिच्यासोबत खेळायला आलेला रुद्र म्हणाला.

"बुडाशी धूळ तशीच हाय," तिची मैत्रीण मोनिकाचा आवाज पिंपातून घुमला. "आन् दुसरं पिंप बी असंच."

प्रांजलने मान वर केली. मधोमध कापड फुगून खाली लोंबत होतं. नेमकं झोळीवर. रात्रीचं सगळं पाणी तिथंच साचलेलं!

"आई, माऊलीला घेऊन बाहेर ये."

"आत्ताच निजलाय. हात मोकळा हाय तवर चार हार होऊ दे."

प्रांजलने माऊलीला उचललं आणि ती धावत सुटली. त्याने भोकाड पसरलं, मागोमाग आई रागावत बाहेर आली.

पण बाकीच्या बाया अजून आतच होत्या. बाजार सांभाळणारे पोपटराव हसले. "इंजिनियरनं बांधलंय ते, पोरी. तुम्ही खेळा तिकडं."

"बरं मामा, खेळतोच." प्रांजलने फुलं झाकायचा प्लॅस्टिकचा कागद ओढला. "हौशीरामकाका, एक कोपरा धरता?"

पिकअपवाला हौशीराम हौसेने आला. प्रांजल आणि रुद्र समोरासमोर क्रेटवर चढले. मोनिका आणि हौशीरामने आपापले कोपरे खाली ताणले. प्रांजलने सांगितलं तसं पोपटरावांनी गंमत म्हणून वरून तांब्याभर पाणी ओतलं, ते झरकन खाली वाहून गेलं.

"आता खालचे कोपरे वर घ्या," प्रांजल म्हणाली.

पुन्हा पाणी ओतलं. या वेळी ते मधेच साचलं आणि कागद लोंबायला लागला.

हौशीरामचा चेहरा उतरला. "मामा, काल म्याच तार ढिली केली. गाडी आत घ्यायला एक कोपरा, बाहेर काढायला दुसरा."

पोपटरावांनी वर पाहिलं आणि ओरडले, "बायांनो, टोपल्या ऱ्हाऊ द्या, बाहेर या आधी!"

जागा मोकळी झाल्यावर बाहेरूनच तारा हळूहळू आवळल्या. कोपऱ्यांवरून पाण्याचे लोट सुटले. दोन्ही पिंपं भरून वाहिली, तरी धार थांबेना.

"इंजिनियर आला का ह्या तिघांस्नीच पुढं करतो," पोपटराव म्हणाले. "आमी रोज हितं बसतो, पर वर बघितलं पोरांनी." हौशीराम एकेक क्रेट डोक्यावर घेऊन बाहेरच्या गाडीकडे निघाला.

सारिका माऊलीला छातीशी धरून त्या पाण्याकडे बघत राहिली. मग तिने प्रांजलला जवळ ओढलं.

"पुन्हा कवा 'ये' म्हणालीस ना," ती म्हणाली, "तर हातातला हार टाकून येईन."