निसटणारी अक्षरं

“रान्हिल्ड, धावत ये गं! पुन्हा अर्धी अक्षरं गायब!”

फोनवर सिड्सेल रडकुंडीला आली होती. ऑर्हुस शहरातल्या त्या कचेरीत ती बहिऱ्या प्रेक्षकांसाठी बातम्यांखाली मजकूर टाइप करायची, निवेदक बोलेल त्याच वेगाने. आता साहेब, प्रेबेन, दोघींपैकी एकच टायपिस्ट ठेवणार होता. सिड्सेल, नाहीतर तिची जिवाभावाची विबेके. निर्णय आज दुपारी.

संगणक सांभाळणारी रान्हिल्ड वर आली, तर विबेके सिड्सेलचा हात हातात घेऊन बसलेली.

“हात थरथरतात हिचे,” विबेके हळूच म्हणाली. “वय झालं.”

“तू डॉक्टर कधीपासून?” रान्हिल्डने तिला गप्प केलं.

तिने नवा की-बोर्ड जोडला. तीच रड. एक कळ दाबून धरली, तेव्हा कुठे अक्षर उमटलं. मग त्याच संगणकावर स्वतःच्या नावाने शिरून तिने भराभर टाइप केलं. एकही अक्षर गळलं नाही.

“सिड्सेल, संगणकाचा पडदा लॉक न करता, उघडा टाकून उठतेस?”

“नेहमीच. विसरभोळी मी.”

“मग केक किती वेळा आणलास?”

त्या कचेरीत उघडा पडदा ज्याला सापडे, तो त्याच्यावरूनच, विसरणाऱ्याच्या नावाने, सगळ्यांना मेल धाडायचा: उद्या केक माझ्याकडून! मग विसरणाऱ्याला केक आणावाच लागे; सुटका कुणाचीच नसे.

“एकदाही नाही,” सिड्सेल म्हणाली. “मी उठले की विबेके राखण करते ना.”

रान्हिल्डने प्रेबेनला बोलावलं.

“हातात दोष नाही, की-बोर्डातही नाही. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी संगणकात एक सोय असते: ओझरता स्पर्श सोडून द्यायचा, दाबून धरलेली कळच घ्यायची. ती फक्त सिड्सेलच्या नावाखाली चालू आहे.”

“चुकून झाली असेल,” विबेके म्हणाली.

“उजवी शिफ्ट दाबून राहिली तर होते, खरंय. पण तेव्हा आवाज येतो, सूचना झळकते. इथे दोन्ही मुद्दाम बंद केलीत. त्यासाठी हिचा पडदा उघडा हवा आणि निवांत वेळ हवा. दुसऱ्या कुणाला तो सापडला असता, तर केकचा मेल गेलाच असता. तो कधीच गेला नाही. पडद्यापाशी एकटीच बसायची ती राखणदारीण.”

विबेकेचा चेहरा पडला. “मला घर चालवायचंय गं! तू तशीही लवकरच निवृत्त...”

प्रेबेन घसा खाकरून म्हणाला, “सिड्सेल राहील.”

सिड्सेलला ते ऐकूच आलं नाही.

“भाकरी हवी होती तर सांगायचंस, विबेके. मी स्वतःहून जागा सोडली असती. पण हात गेले म्हणून मी रोज रडत होते, आणि हेच हात धरून तू माझी समजूत घालत होतीस. ते धडधाकट आहेत, हे एकट्या तुलाच ठाऊक होतं.”

विबेकेने हात पुढे केला. सिड्सेलने आपले दोन्ही हात मागे घेतले.

मग ती कॉफीला उठली. जाताना पहिल्यांदाच तिने आपला पडदा स्वतः बंद केला.