पन्नास सालची बाटली

दुकानदाराने बाटली दिव्यासमोर धरली आणि काचेवर नखाने एक जागा दाखवली. "पंच्याहत्तर वर्षांत इतकीच उतरलीय. जपलेली आहे."

पोर्ट वाइन होती, १९५०ची. रॉटरडॅमच्या त्या दुकानातले कप्पे देशांप्रमाणे नव्हे, वर्षांप्रमाणे लावलेले होते. गिऱ्हाइकं आपल्या माणसाचं जन्मवर्ष शोधत फिरत होती.

"वर्ष नक्की ना?" दुकानदाराने इंग्रजीत विचारलं. "लोक चुकतात. उघडली नाहीत तर महिनाभरात बदलून देईन."

"पासपोर्टवर आहे," संहिता म्हणाली.

बाबांची पंचाहत्तरी एक जूनला होती. आई जानेवारीत गेली. एप्रिलमध्ये संहिताने त्यांना डोंबिवलीहून अ‍ॅमस्टेलव्हीनला आणलं. ते खिडकीशी बसून ट्राम बघत. त्यांच्याकडे दोनच शब्द उरले होते, 'हो' आणि 'नको'. ताट तसंच परत येई. चार महिन्यांत सहा किलो उतरले होते. संहिता स्वतः अजून रडली नव्हती. याचीही तिने एक नोंद केल्यासारखी दखल घेतली होती, एवढंच.

"सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला दारू," ऋषभ म्हणाला. "डोंबिवलीत कळलं तर जावईपण जाईल माझं."

"आईला चोरून दर वाढदिवसाला अर्धा ग्लास घ्यायचे. मला माहीत होतं."

"आणि नको म्हणाले तर?"

त्यापुढचं तिने काही ठरवलंच नव्हतं.

जुन्या वाइनचा गाळ खाली बसावा म्हणून बाटली उभी ठेवायची असते. इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाची एक कुलूपबंद खोली होती. तिथे तिने ती वर्तमानपत्रावर उभी केली. संहिता पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. वजन करून ठेवणं ही तिची सवय होती. रविवारी सकाळी १३१८ ग्रॅम.

सोमवारी १३०८.

मंगळवारी १२९८.

तिने प्रयोगशाळेतून प्रमाणित वजन आणून काटा तपासला. काटा बरोबर होता. बुचावरची लाख अखंड होती, खालचा कागद कोरडा. बाष्पीभवनाने इतकं जायला काही वर्षं लागली असती. किल्ली एकच होती आणि ती तिच्या पर्समध्ये असायची.

बुधवारी १२८८. त्याच दुपारी बाबा म्हणाले, "मऊ भात कर."

तिने तूप-मेतकूट घालून भात कालवला. बाबांनी वाटी संपवली. आपल्याला आनंद व्हायला हवा, असं तिच्या मनात आलं. तिने वाटी विसळून ठेवली.

गुरुवारी जेवताना तिने सांगून टाकलं. "बाबा, तुमच्या जन्मसालची वाइन आणलीय. पन्नासची."

"माझी नाही ती," बाबा म्हणाले. पुढे ते सलग बोलले, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "मी बावन्नचा. पन्नासचा दामोदर माझा थोरला भाऊ. अकरा महिन्यांचा होऊन गेला. मला त्याचंच नाव ठेवलं. शाळेत घालताना घरात दाखला त्याचा होता. नवा कोण काढत बसतो?"

"कधी बोलला नाहीत."

"सांगण्यासारखं काय त्यात?" त्यांनी भाताचा घास घेतला. "त्याला अंगावरचं पचायचं नाही. आई बोंडल्याने पाजायची. सकाळी दोन चमचे. तेवढंच टिकायचं पोटात. एकही वाढदिवस झाला नाही बिचाऱ्याचा."

दोन चमचे. संहिताने मनात त्याचे ग्रॅम केले आणि तिथेच थांबली.

"मग बदलून आण," ऋषभ स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाला. "बावन्नची घे. तो देतो म्हणालाय ना?"

शनिवारी ती बाटली पिशवीत घालून ट्रामच्या थांब्यावर गेली. तिथून घराची खिडकी दिसायची. बाबा काचेवर दोन्ही तळवे टेकवून उभे होते. ट्राम आली तसे ते हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

ट्राम निघून गेली. संहिता घरी परतली.

"जेवतायत ते," ती ऋषभला म्हणाली. "राहू दे."

त्यानंतर बाबा रोज जेवले. मऊ भात, मग दूधभात. आधी त्यांचा 'नको' गेला. दोन दिवसांनी 'हो'ही गेला. दुपारी ते मुठी मिटून झोपत. 'बाबा' म्हणून हाक मारली तर वळत नसत. ऋषभने औषधाच्या पाकिटावरचं 'दामोदर' मोठ्याने वाचलं, तेव्हा चटकन वळले.

डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. वजन दीड किलो वाढलं होतं.

एक जूनच्या सकाळी बाटली ११७८ ग्रॅम भरली.

संध्याकाळी सहाला लख्ख ऊन होतं. ऋषभने लाख फोडून बूच काढलं. वाइन लालसर तपकिरी होती. त्याने ग्लास नाकाशी नेला.

"अक्रोड. सुकं अंजीर." त्याने पुन्हा हुंगलं. "आणि खाली हे काय आहे? औषधासारखं?"

संहिताने वास घेतला. वेखंड होतं. बाळाला न्हाऊ घातल्यावर लावतात ते.

तिने ग्लास खाली ठेवला. ऋषभने तिच्याकडे बघितलं आणि स्वतःचाही ठेवला.

तिने तबकात निरांजन लावलं. सुपारी, अंगठी. कुंकू लावताना बाबांनी डोळे घट्ट मिटले. पहिल्यांदा ओवाळताना त्यांची नजर ज्योतीमागोमाग फिरली. दुसऱ्यांदा ओवाळताना त्यांनी हात पुढे केला आणि ज्योत धरायला गेले.

तिने तबक झटकन मागे घेतलं.

"बाबा."

त्यांची नजर ज्योतीवर होती. दुसऱ्या हाताने त्यांनी तिचं एक बोट धरलं, अख्ख्या मुठीत.

"संहिता," ऋषभ म्हणाला. "फोन करूया कुणाला तरी."

कुणाला, ते त्यालाही सुचलं नाही.

तिने बोट सोडवून घेतलं नाही. मोकळ्या हाताने चहाचा चमचा उचलला, ग्लासात बुडवला आणि बाबांच्या ओठांशी नेला.

त्याने तोंड उघडलं.

दोन चमचे गेले. तिसऱ्याला त्याने मान फिरवली.